मुक्काम पोस्ट मावळ

१५ जून २०२५, रविवार. तळेगाव दाभाडेजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पावसाळी पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली. चार आठवडेही उलटले नव्हते, तोच ११ जुलैला पॅरिसहून बातमी आली. युनेस्कोच्या समितीने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला होता. रायगड, राजगड, शिवनेरी, पन्हाळा, तिकडे तमिळनाडूतली जिंजी आणि त्यांच्याबरोबर मावळातला लोहगड. पूलही मावळ तालुक्यातला, किल्लाही मावळ तालुक्यातला. आपल्या दारी येणाऱ्या माणसाला आपण काय दाखवतो आणि त्याला सुखरूप घरी पाठवतो का, हाच दोन्ही बातम्यांचा विषय होता.

देशाच्या पर्यटनाची चर्चा आपल्याकडे बहुधा दिल्लीतल्या परिषदांमध्ये होते. जागतिक आर्थिक मंचाचा प्रवास आणि पर्यटन विकास निर्देशांक आला की भारत कितवा, याचे मथळे होतात. २०२४च्या यादीत ११९ देशांत भारत ३९वा होता. पहिल्या तिघांत अमेरिका, स्पेन आणि जपान. एकूण क्रमांकापेक्षा त्यातले तपशील जास्त सांगून जातात. निसर्गाच्या ठेव्यात भारत जगात सहावा, सांस्कृतिक ठेव्यात नववा. म्हणजे देणगी भरपूर. मग घसरण कुठे होते? स्वच्छता आणि आरोग्य, सुरक्षितता, पर्यटकांसाठीच्या सोयी आणि पर्यावरणाची निगा, म्हणजे जे निसर्गाने किंवा पूर्वजांनी दिलं नाही, आपल्यालाच करायचं होतं, त्या सगळ्यात. करोनाच्या आधी, २०१९ साली भारतात १ कोटी ९ लाखांच्या आसपास परदेशी पर्यटक आले. आकाराने भारताच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढ्या थायलंडमध्ये त्याच वर्षी सुमारे ४ कोटी गेले.

हे चित्र समजून घ्यायला मावळ पुरेसा आहे. देशाचं जे दुखणं आहे, ते या एका तालुक्यात अंगाला लागेल इतकं जवळून दिसतं.

तालुक्याचा ठेवा तरी केवढा! लोणावळ्यात वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो; पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे किल्ले. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी. नागफणीच्या अंगाला कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी, जी पुढे देहू-आळंदीला जाते. वेहेरगावच्या डोंगरावरची एकवीरा, जिच्या दर्शनाला मुंबई-रायगडचे कोळी-आगरी पिढ्यान् पिढ्या येतात. आणि या सगळ्याच्या दोन बाजूंना मुंबई आणि पुणे, खर्च करण्याची ऐपत असलेली दोन महानगरं, दोन-अडीच तासांच्या आत. जगातल्या कुठल्याही पर्यटन अधिकाऱ्याने हेवा करावा अशी जागा आहे ही.

पण लोणावळ्याचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. इथे जे जे उभं राहिलं त्यातलं बहुतेक काही पर्यटकांसाठी नव्हतंच. बोरघाटाचा रस्ता १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात झाला तो लष्कर आणि व्यापारासाठी. १८५८मध्ये पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली, तेव्हा मधला घाट अजून बाकी होता. प्रवाशांना खोपोलीहून पालखीत बसून वर यावं लागे. घाटातला लोहमार्ग पुरा झाला १८६३ला, हजारो मजुरांचे जीव घेऊन. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून रेल्वेने भुशीचं धरण बांधलं. १९११ साली वळवणला टाटांच्या धरणाची कोनशिला बसली आणि १९१५मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. घाट चढवायला लावलेलं मागचं इंजिन सुटेपर्यंत गाडी थांबायची, तेवढ्या वेळात फलाटावर चिक्की खपायची. म्हणजे लोणावळ्याचं पर्यटन हे दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाच्या सावलीत वाढलं. भुशीच्या पायऱ्यांवर बसून भिजणारा माणूस रेल्वेच्या पाण्याच्या टाकीवर बसलेला असतो, आणि ती जागा त्याच्यासाठी आखलेली नाही, हे तिथे दर पावसाळ्यात सिद्ध होतं.

अपवाद एकच ठळक सांगता येईल. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम सुरू केलं. योगाचा शास्त्रीय अभ्यास करायचा, प्रयोग करायचे, ‘योगमीमांसा’सारखं नियतकालिक काढायचं आणि लोकांनी येऊन राहून शिकायचं असा त्यांचा विचार होता. शंभर वर्षं झाली त्याला. देशोदेशीची माणसं तिथे येतात, आठवडे-महिने राहतात, आणि पावसाची वाट न पाहता वर्षभर येतात. आज ज्याला आरोग्य पर्यटन म्हणतात आणि ज्यासाठी सरकारं धोरणं आखतात, त्याचा नमुना लोणावळ्यात शतकभर चालू आहे. त्या नमुन्याकडे पाहून गावाने काही शिकावं, असं फारसं घडलेलं नाही.

१९८० साली रिचर्ड बटलर या भूगोल अभ्यासकाने पर्यटनस्थळांच्या आयुष्याचा एक आराखडा मांडला. आधी मोजके हौशी येतात, मग गावकरी त्यांची सोय करतात, मग बाहेरचा पैसा येतो, बांधकामं होतात, गर्दी शिगेला पोहोचते आणि मग ठिकाण थिजतं. त्यानंतर ते एक तर उतरणीला लागतं किंवा नव्याने स्वतःला घडवतं. लोणावळा या आराखड्यात कुठे आहे, हे जुलैतल्या कुठल्याही शनिवारी संध्याकाळी कुमार चौकातली वाहनांची रांग पाहून सांगता येईल. ठिकाण थिजलंय. खंत याची वाटते की ही रांगच आपण यशाची खूण मानतो. ‘वीकेंडला लाखोंची गर्दी’ हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने छापलं जातं.

त्या गर्दीतला पैसा कुठे जातो ते पाहावं. ठाण्याहून एक कुटुंब पहाटे निघतं. गाडीत पेट्रोल ठाण्यात भरलेलं. नाश्ता द्रुतगती मार्गावरच्या फूड मॉलमध्ये. बंगला ऑनलाइन घेतलेला, मालक मुंबईत, दलाली एखाद्या ॲपकडे. मावळात उरतं काय? वाफाळतं कणीस, भजी, चिक्कीचे दोन डबे, पार्किंगचे पैसे आणि कचरा. पर्यटनाच्या अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात, आणि गरीब बेटांच्या संदर्भात हा शब्द वापरला जातो. लोणावळ्यासारख्या श्रीमंत वाटणाऱ्या ठिकाणी तो तितकाच लागू आहे. दिवसभरासाठी आलेला माणूस आणि मुक्कामी राहिलेला माणूस यांत फरक आकड्यांचा नाही, जातीचा आहे. मुक्कामी माणूस संध्याकाळी जेवतो, सकाळी चहा घेतो, वाटाड्या शोधतो, दुसऱ्या दिवशी लेणी पाहायला रिक्षा करतो. आपली नगरपालिका, आपलं पर्यटन खातं आणि आपली वर्तमानपत्रं मोजतात मात्र टोलनाक्यावरच्या गाड्या.

कचऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट अभिमानाने सांगितली पाहिजे. २०२१च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत लोणावळा देशात दुसरा आला होता. पहिला विटा, तिसरा सासवड. जेमतेम साठ हजार वस्तीचं गाव, शनिवार-रविवारी त्याच्या कित्येक पट माणसं झेलतं आणि तरी हा क्रमांक मिळवतं, यामागे सफाई कामगारांची जी मेहनत आहे तिची दखल कुठल्याही पर्यटन धोरणात मला सापडत नाही. त्या मेहनतीचे पैसे येणाऱ्याकडून घ्यायचे की राहणाऱ्याकडून, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही.

आता या सगळ्याला एक नवं वळण मिळतंय. खोपोली ते कुसगाव अशी द्रुतगती मार्गाची १३.३ किलोमीटरची ‘मिसिंग लिंक’ घाटाला वळसा न घालता डोंगराच्या पोटातून जाते. तिचा एक बोगदा जवळपास नऊ किलोमीटरचा आहे आणि तो लोणावळ्याच्या तलावाखालून नेलेला आहे. मुंबई-पुणे प्रवासाचा वीस-पंचवीस मिनिटांचा वेळ वाचावा, कोंडी आणि अपघात टळावेत, हा हेतू योग्यच. पण लोणावळ्याचं जुनं भांडवल काय होतं? वाटेत लागतं म्हणून थांबायचं. पालखी थांबायची, मग रेल्वे थांबली, मग मोटारी थांबल्या. वाट जेव्हा गावाखालून निघून जाते, तेव्हा थांबायला कारण लागतं. ते कारण तयार करणं, यालाच पर्यटनाचं दीर्घ पल्ल्याचं धोरण म्हणायचं.

सरकारकडे एक उत्तर आहे. राज्याच्या २०२४च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार अशी उद्दिष्टं आहेत. त्याच वर्षी कुरवंड्याच्या टायगर आणि लायन्स पॉइंटवर काचेचा स्कायवॉक, झिपलाइन, प्रकाश-ध्वनी खेळ अशा प्रकल्पाला ३३३ कोटी ५६ लाखांची मंजुरी मिळाली. माझं मत स्पष्ट सांगतो. काचेचा पूल चीनमध्ये आहे, बिहारमध्ये राजगीरला आहे, केरळमध्ये आहे, उद्या आणखी दहा ठिकाणी होईल. जी वस्तू कुणालाही विकत आणता येते, तिच्यावर स्पर्धा जिंकता येत नाही. आणि ज्या कड्यावर आधीच गाड्या लावायला जागा नाही, तिथे आणखी गर्दी ओढून आणणं हे धोरण म्हणून उलटं आहे. तो कडा ठिसूळ होत चाललेल्या सह्याद्रीचा आहे. याच पुणे जिल्ह्यात ३० जुलै २०१४ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, हे विसरून चालणार नाही.

मग दुसऱ्या कुणाकडे नाही असं मावळाकडे काय आहे? कार्ल्याच्या चैत्यगृहात जावं. सव्वाशे फूट खोल, पंचेचाळीस फूट उंच, दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेलं, आणि छताच्या लाकडी फासळ्या अजून जागेवर. भारतातलं हे सर्वांत मोठं चैत्यगृह. दर्शनी भागात एक लेख आहे. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो की त्याने पूर्ण केलेलं हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. स्पर्धेची भाषा आपल्याला नवी नाही! आतल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावं आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतून घाट चढून येणारा माल, माणसं, भिक्खू, ग्रीक वंशाचे व्यापारी हे सगळं त्या खांबांवर लिहून ठेवलेलं आहे. एकवीरेच्या पायऱ्या चढून रोज हजारो लोक त्या दारावरून जातात. त्यातल्या किती जणांना हे वाचून दाखवणारं माणूस भेटतं? भाज्याला ढोल वाजवणारी स्त्री कोरलेली आहे, चौदा स्तूप ओळीने उभे आहेत. बेडश्याच्या खांबांवर घोड्या-हत्तींवर बसलेली जोडपी आहेत. ही तिन्ही लेणी एकमेकांपासून काही किलोमीटरवर, आणि भाज्याजवळच आता जागतिक वारसा ठरलेला लोहगड. दोन दिवसांचा मुक्काम सहज भरेल एवढा ऐवज आहे. त्यात तुंग-तिकोना घ्या. तळेगावात राहून गो. नी. दांडेकरांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली ती याच तुंग किल्ल्याच्या परिसरावर. स्कॉटलंडमध्ये अशा एका कादंबरीवर गावं जगतात.

शिवाय हे सगळं पावसाबाहेरचं आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मावळात हवा निवळलेली असते, भात कापणीला येतो, कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंगची छत्रं उडू लागतात. लोणावळ्याचा धंदा दहा-बारा पावसाळी शनिवार-रविवारांवर उभा आहे, आणि त्यामुळेच प्रत्येकाला त्या दिवसांतच सगळं कमावून घ्यायचं असतं. भाव त्यामुळे चढतात, धोका पत्करला जातो तो त्यामुळेच.

धोक्याची गोष्ट टाळता येत नाही. ३० जून २०२४ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यातली चार लहान मुलं होती. तो व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिला. प्रशासनाने मनाई आदेश काढले. पुढच्या वर्षी कुंडमळा झाला. त्याआधी जुलै २०२३मध्ये लोहगडाच्या दरवाजांत माणसं तासन् तास अडकून पडली होती. चेंगराचेंगरी झाली नाही हे नशीब. दर वेळी क्रम ठरलेला असतो: दुर्घटना, बंदी, विसर, पुढचा पावसाळा. बंदीने ठेला लावणाऱ्या गावकऱ्याचा हंगाम बुडतो, आणि उनाड पर्यटक दुसऱ्या धबधब्याकडे वळतो. दरीत उतरून मृतदेह वर काढायला जातात ते ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक, रात्री-अपरात्री, पावसात. पर्यटनाच्या कोट्यवधींच्या आराखड्यात बचाव पथकाचा दोर कुणाच्या पैशांतून येतो, हे एकदा विचारावं.

बंदीखेरीज मार्ग आहे आणि तो शोधायला फार लांब जायची गरज नाही. साताऱ्याजवळ कासला फुलांच्या हंगामात रोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरवली, ऑनलाइन नोंदणी ठेवली, शुल्क लावलं आणि व्यवस्था पठारावरच्या गावांच्या वन समितीकडे दिली. मार्गदर्शक, राखणदार गावातलीच मुलं. तक्रारी तिथेही आहेत, पण पठार आहे आणि गावाला काम आहे. मद्रास उच्च न्यायालयाने ७ मे २०२४पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास सक्तीचा केला, आणि पुढच्या उन्हाळ्यात उटीला आठवड्याच्या दिवशी सहा हजार, शनिवार-रविवारी आठ हजार वाहनांची मर्यादा घातली. घाटापलीकडच्या माथेरानला तर मोटार दस्तुरी नाक्यापुढे जातच नाही, आणि २००३पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील विभाग आहे. तिथली हॉटेलं त्यामुळे ओस पडलेली नाहीत. लोहगडाला, भुशीला, लायन्स पॉइंटला आधी नोंदवून मिळणाऱ्या ठरावीक वेळा आणि ठरावीक संख्या का नको?

हे मी म्हणतो तेव्हा गावकरी काय म्हणतील, याची कल्पना आहे. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांनी ‘विकास’ बराच पाहिलाय. पवना धरणात जमिनी गेल्या, पाणी पिंपरी-चिंचवडला गेलं. बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले तेव्हा गोळीबारात तिघांचा जीव गेला. शेजारच्या मुळशीत तर सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१चा. जमीन विकून त्याच जमिनीवरच्या बंगल्यात रखवालदार झालेली माणसं या खोऱ्यांत भेटतात. पवनेच्या काठावर तंबू लागले, त्यात काही स्थानिक तरुणांनी धंदा उभा केला हे चांगलं झालं. पण परवाना नाही, जलसंपदा खात्याची नोटीस कधीही येते, मग धरणाच्या पाण्यात बुडणाऱ्याची जबाबदारीही कुणाची नाही. अशा माणसाला ‘पर्यटन मर्यादित करू’ सांगताना त्याच्या हातात काय येणार, हे आधी सांगावं लागेल.

आणि सांगण्यासारखं आहे. राजमाचीच्या उधेवाडीत ‘होमस्टे’ हा शब्द पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून ट्रेकर पडवीत झोपतात आणि चुलीवरचं पिठलं-भाकरी खातात. पैसा सरळ त्या घरात जातो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ १९८७ साली बाहेर आला; आज तो महाराष्ट्रभर खातात. तो जिथे जन्मला तिथे भात लावणीला, कापणीला पाहुण्यांना बोलवावं, खाचराच्या बांधावर जेवू घालावं, जाताना पाच किलोची पिशवी द्यावी. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२०पासून आहे. पवन मावळातल्या पॉलिहाउसमधले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातात, पण ते पाहायला कुणी येत नाही. पर्यटन महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. कागद सगळे आहेत. त्यांची गाठ एका तालुक्यात, एका ग्रामसभेत घालून देणारं माणूस नाही. नगरपालिका, पीएमआरडीए, वन खातं, पुरातत्त्व खातं, जलसंपदा, रेल्वे, टाटा, नौदल, प्रत्येकाची आपापली हद्द आहे. मावळाच्या पर्यटनाला मात्र मालक नाही. ३३३ कोटींतले तीन कोटी जरी लेण्यांजवळच्या गावांतल्या शंभर मुलामुलींना ब्राह्मी लिपीची ओळख, प्रथमोपचार, दोर हाताळणं आणि इंग्रजी संभाषण शिकवायला खर्च केले, तर पाच वर्षांत काचेच्या पुलापेक्षा जास्त टिकाऊ काहीतरी उभं राहील, अशी माझी खात्री आहे.

जेफ्री क्राउच आणि ब्रेंट रिची या पर्यटन अभ्यासकांनी स्पर्धाक्षमतेचा अर्थ लावताना दोन गोष्टी त्यातच धरल्या: त्या जागी राहणाऱ्यांचं आयुष्य सुधारलं पाहिजे आणि पुढच्या पिढीसाठी तिथला निसर्ग शिल्लक राहिला पाहिजे. या मापाने मोजलं तर आजचा लोणावळा हरतोय आणि उधेवाडी जिंकतेय.

वाचकांना विनंती आहे. यंदाचा जोडून सुट्टीचा रविवार सोडा. दिवाळीनंतरचा एखादा मंगळवार-बुधवार काढा, गाडी घरी ठेवा. एक रात्र गावात राहा, वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. पुण्याहून सुटणारी लोणावळा लोकल मळवलीला थांबते, आणि भाजे गाव तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.